अस्क नदीवरचा पाळण्याचा पूल

नदीवर दोन प्रकारच्या माणसांचा हक्क पोहोचतो. एक, जो तिच्या प्रवाहाबरोबर समुद्राकडे जातो किंवा समुद्राकडून तिच्या मुखातून आत शिरतो. आणि दुसरा, जो या तीरावर राहतो व पोटासाठी पलीकडच्या तीरावर जातो. नदी लहान असली आणि तिच्यातून फार तर एखादी होडी जात असली, तर या दोघांत तंटा उद्भवण्याचे कारण नसते. परंतु जिथे नदीची आणि समुद्राची गाठ पडते, जिथे उंच डोलकाठ्यांची गलबते भरतीच्या पाण्याबरोबर शहराच्या ऐन मध्यापर्यंत येतात आणि त्यांनी आणलेल्या व नेलेल्या मालावरच त्या शहराचा योगक्षेम चालतो, तिथे पायी चालणाऱ्याची सोय पाहावी तर जहाजाची वाट अडते आणि जहाजाची वाट मोकळी ठेवावी तर पायी चालणारा तीरावरच खोळंबतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील काही स्थापत्यविशारदांनी या तंट्याचा जो निवाडा काढला, त्याचा आजही उभा असलेला एक उत्तम नमुना वेल्समधील न्यूपोर्ट शहरात, अस्क नदीवर, पाहावयास मिळतो.

हा पूल प्रथम पाहणारा मनुष्य काही काळ बुचकळ्यात पडल्यावाचून राहत नाही. नदीच्या दोन्ही काठांवर पोलादी मनोऱ्यांची एकेक जोडी उभी आहे. प्रत्येक मनोरा 242 फूट उंच, आणि दोन्ही तीरांवरील मनोऱ्यांतील अंतर 645 फूट. मनोऱ्यांच्या माथ्यांवरून गेलेल्या जाड तारदोरांच्या आधाराने, भरतीच्या पाण्यापासून सुमारे 177 फूट उंचीवर, एक जाळीदार पोलादी तुळई या तीरापासून त्या तीरापर्यंत आडवी धरलेली आहे. इतके सगळे असूनही रस्ता म्हणावा असा भाग कोठेच दिसत नाही. गावातून आलेला रस्ता नदीच्या काठाशी येऊन थांबतो आणि समोरच्या काठावर पुन्हा सुरू होतो. मधल्या अंतरासाठी त्या उंच तुळईखालून, लांबच लांब तारांनी टांगलेला, रस्त्याच्याच पातळीवर लोंबणारा एक सपाट पाळणा आहे. त्यावर माणसे आणि वाहने चढतात, दारे लागतात, आणि तो पाळणा पाण्याला स्पर्श न करता, पाण्यापासून थोड्याच उंचीवरून, पलीकडच्या काठाला जाऊन लागतो. पूल आहे आणि तरीही त्यावरून कोणी चालत नाही, तर आहे आणि तरीही ती पाण्यातून जात नाही, असा हा प्रकार आहे.

असे काही बांधण्याची पाळी न्यूपोर्टवर का आली, हे समजण्यासाठी त्या गावाची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची स्थिती डोळ्यांपुढे आणली पाहिजे. दक्षिण वेल्सच्या दऱ्याखोऱ्यांतून कोळसा आणि लोखंड खाली येई, आणि अस्क नदीच्या मुखाशी वसलेले न्यूपोर्ट तो माल जगाच्या बाजारात पाठवी. एकोणिसाव्या शतकात हे गाव झपाट्याने वाढले. 1839 साली चार्टिस्ट चळवळीतील खाणकामगारांनी मतदानाच्या हक्कासाठी ज्या गावावर मोर्चा नेला आणि वेस्टगेट हॉटेलापुढे सैनिकांच्या गोळ्यांना तोंड दिले, ते हेच गाव. 1875 साली अलेक्झांड्रा गोदी उघडली, तिचा पुढे विस्तार होत गेला. परंतु गोदीच्या वरच्या बाजूलाही नदीच्या काठाने धक्क्यांची रांग होती आणि तिथपर्यंत जहाजांचे जाणे-येणे अव्याहत चालू असे. गावाचा बहुतेक भाग नदीच्या पश्चिमेस होता. पूर्वेस सखल, दलदलीची जमीन पसरलेली होती. दोन तीरांना जोडणारा रस्त्याचा पूल एकच, आणि तोही बराच वर, जुन्या किल्ल्याशेजारी.

या पूर्वेकडील मोकळ्या जमिनीवर नव्या उद्योगांना वसवावे, म्हणजे गावाची भरभराट होईल आणि कराचे उत्पन्नही वाढेल, असा नगरपालिकेचा हिशेब होता, आणि तो हिशेब 1898 च्या सुमारास फळास आला. जॉन लायसाट या नावाच्या पेढीने, जिचा पन्हळी पत्र्यांचा व्यापार ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला होता, आपला पत्रे लाटण्याचा कारखाना वुल्व्हरहॅम्प्टनहून हलवून अस्कच्या पूर्व तीरावर थाटला. ‘ऑर्ब’ या नावाने तो कारखाना पुढे सव्वाशे वर्षांच्या आसपास चालला. कारखाना आला, परंतु त्यात राबणारी पुष्कळ माणसे पश्चिम तीरावर राहत असत. आणि सरळ रेषेत नदीचा पट ओलांडला तर समोरच दिसणाऱ्या कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना वरच्या पुलाला वळसा घालून सुमारे चार मैल चालावे लागे. दिवसभर भट्टीसमोर उभे राहावयाचे आणि जाता-येता ही पायपीट करावयाची, हा जाच किती मोठा होता हे सांगावयास नको. आणि कामगार वेळेवर पोहोचत नाहीत, ही कारखानदाराच्या दृष्टीनेही लहानसहान अडचण नव्हती.

मग साधी तर का सुरू केली नाही, असा प्रश्न कोकणातील खाड्या पाहिलेल्या वाचकाच्या मनात प्रथम येईल. त्याचे उत्तर समुद्राने दिलेले आहे. अस्क नदी सेव्हर्नच्या मुखाशी समुद्राला मिळते, आणि ब्रिस्टलच्या खाडीतून चढणारे भरतीचे पाणी जगातील सर्वांत उंच भरत्यांमध्ये गणले जाते. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत 5 मीटरांच्या आसपास फरक पडतो. न्यूपोर्टला तो 12 मीटरांच्याही वर जातो. पाणी चढलेले असताना काठोकाठ भरलेली, जहाजांना सहज पोटात घेणारी ही नदी ओहोटीच्या वेळी इतकी खाली जाते की दोन्ही बाजूंना गाळाचे उंच, निसरडे उतार तेवढे उघडे पडतात आणि मध्ये पाण्याची एक अरुंद धार उरते. अशा वेळी होडी काठाला लागणार कशी आणि लागली तरी माणूस त्या चिखलातून वर चढणार कसा? कारखान्याचा भोंगा घड्याळाप्रमाणे वाजतो, भरती चंद्राप्रमाणे येते. या दोन वेळापत्रकांचा मेळ बसणे शक्यच नव्हते.

उरलेले मार्गही एकेक करून बंद होते. नदीखालून भुयार खणावे, तर त्याचा खर्च गावाच्या ऐपतीपलीकडचा. उंच पूल बांधावा, तर दोन्ही काठ सखल. डोलकाठ्या खालून जातील एवढ्या उंचीवर रस्ता न्यावयाचा म्हणजे दोन्ही बाजूंना लांबलचक चढणी बांधाव्या लागणार आणि त्यांखाली जमीन व घरे जाणार. उघडझाप करणारा पूल घालावा, तर प्रत्येक जहाजासाठी रस्ता थांबणार आणि रस्त्यासाठी जहाज थांबणार. आणि भरतीच्या थोड्या अवधीतच जिथे सारी जहाजे उरकून घ्यावी लागतात, तिथे हा खोळंबा कोणालाच परवडण्याजोगा नव्हता. या पेचात नगरपालिकेचे अभियंता रॉबर्ट हेन्स यांची नजर फ्रान्सकडे गेली, आणि तिथे फर्दिनाँ आर्नोदाँ या अभियंत्याने रूआँ शहरी सेन नदीवर 1899 साली उभारलेला पाळण्याचा पूल न्यूपोर्टच्या विचाराचा आधार झाला.

कल्पना मात्र त्याहून जुनी होती, आणि तिचा जन्म इंग्लंडातच झालेला होता. हार्टलपूलच्या चार्ल्स स्मिथ याने 1873 साली मिडल्सब्रो येथील टीज नदीसाठी अशा पुलाचा आराखडा तयार केला. परंतु तो कागदावरच राहिला, आणि मिडल्सब्रोला पुढे 1911 साली याच जातीचा पूल बांधावा लागला. प्रत्यक्षात पहिला पाळण्याचा पूल उभा राहिला तो स्पेनच्या बास्क प्रांतात, बिल्बाओ शहराखाली, नेर्व्हिऑन नदीच्या मुखाशी, पोर्तुगालेते आणि लास आरेनास या दोन गावांच्या मध्ये. अल्बेर्तो दे पालासिओ हा त्याचा रचनाकार आणि तारदोरांच्या कामात निष्णात असलेला आर्नोदाँ हा त्याचा सहकारी; 28 जुलै 1893 रोजी तो सुरू झाला. यादवी युद्धात 1937 साली त्याची वरची तुळई सुरुंग लावून पाडण्यात आली, 1941 साली ती पुन्हा बसविली गेली, आणि 2006 साली युनेस्कोने त्या पुलाचा जागतिक वारशात समावेश केला. बास्क मुलूख आणि न्यूपोर्ट यांचा संबंध तरी किती जुना असावा! 2002 साली न्यूपोर्टला अस्कच्या काठी नाट्यगृहाचा पाया खणताना चिखलात गाडलेले पंधराव्या शतकातील एक मोठे गलबत सापडले, आणि त्याच्या लाकडातील वर्षवलयांच्या परीक्षेवरून ते लाकूड बास्क प्रदेशातील असल्याचे पुढे सिद्ध झाले. बास्क लाकूड जहाज होऊन या नदीत आले, आणि साडेचार शतकांनंतर बास्क किनाऱ्यावर प्रथम सिद्ध झालेली युक्ती पूल होऊन येथे आली.

1900 साली ब्रिटिश पार्लमेंटने या कामासाठी स्वतंत्र कायदा मंजूर केला, आणि आर्नोदाँ व हेन्स यांच्या संयुक्त आराखड्यानुसार पूल उभारण्यात आला. एकंदर खर्च 98,000 पौंड झाला. एका मध्यम आकाराच्या गावाच्या तिजोरीस हा आकडा हलका नव्हता. 12 सप्टेंबर 1906 रोजी व्हायकाउंट ट्रेडीगर यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हा वृद्ध सरदार म्हणजे गॉडफ्री मॉर्गन. क्रिमियाच्या युद्धात 1854 साली बालाक्लाव्हाच्या रणावर रशियन तोफांच्या तोंडी ज्या हलक्या घोडदळाने धाव घेतली, त्यातून जिवंत परतलेल्यांपैकी तो एक. तरवार उपसून घोड्यावरून दौडणारे युद्ध ज्याने पाहिले, त्यानेच विजेच्या बळावर हवेतून चालणारा रस्ता उघडून द्यावा, यात एका आयुष्यात किती युगे मावू शकतात याचे प्रत्यंतर मिळते.

या यंत्राची रचना दिसावयास अवाढव्य असली तरी तत्त्वतः अगदी सरळ आहे. वरच्या तुळईच्या आतल्या अंगाला रूळ बसविलेले आहेत, त्यांवरून चाकांचा एक लांब गाडा धावतो, आणि त्या गाड्याला खालचा पाळणा तारांनी टांगलेला आहे. तारा तिरप्या ओढून धरल्यामुळे वाऱ्याने तो हेलकावत नाही. गाड्याला बांधलेला दोर पूर्व तीरावरील यंत्रघरात एका मोठ्या पिंपावर, विहिरीच्या रहाटावर गुंडाळावा तसा, एका बाजूने गुंडाळला जातो आणि दुसऱ्या बाजूने सुटतो. हे पिंप फिरविण्यासाठी 35 अश्वशक्तीची दोन विद्युत्‌यंत्रे पुरेशी ठरतात, कारण वजन उचलावयाचे नसते, ते केवळ सरकवावयाचे असते. पाळण्याच्या माथ्यावरील छोट्या कोठडीत बसलेला चालक सेकंदाला सुमारे 10 फूट या गतीने त्याला पलीकडे नेतो. दोनएक मिनिटांत तीर बदलतो. सहा मोटारी आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या छताखाली पायी प्रवासी, एवढा भार एका खेपेस जातो. मनोऱ्यांवरील भार मात्र खालीच थांबत नाही; तारदोर मनोऱ्यांच्या माथ्यावरून मागे उतरतात आणि बऱ्याच अंतरावर जमिनीत बांधलेल्या दगडी ठोकळ्यांत रोवले जातात, आणि पुलाचे खरे बळ पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात न येणाऱ्या या ठोकळ्यांत साठविलेले आहे.

वरच्या तुळईवरून चालत जाण्याचीही सोय होती. ज्याला पाळण्याची वाट पाहावयाची नसेल त्याने मनोऱ्यातील जिना चढावा, नदी वरून ओलांडावी आणि पलीकडे उतरावे. तथापि, पावणेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढून पुन्हा तितक्याच उतरण्यापेक्षा खाली थोडा वेळ उभे राहणे लोकांना अधिक सोयीचे वाटले, यात नवल नाही. आज मात्र जो जिना कामगाराने टाळला तोच प्रवाशाला सर्वांत अधिक ओढतो. कारण वरून एका बाजूस गोदी आणि सेव्हर्नचे रुंद मुख, दुसऱ्या बाजूस गाव आणि त्यामागच्या टेकड्या, आणि पायांखालच्या फटींतून अस्कचे गढूळ पाणी, असे सगळे एकाच वेळी दिसते.

या जातीचे पूल जगात वीसएकच बांधले गेले. 1905 साली मर्सी नदीवर विडनेस आणि रंकॉर्न यांना जोडणारा, 1000 फूट लांबीचा, सर्वांत मोठा पूल झाला. त्याच वर्षी मार्सेयच्या बंदरावर आर्नोदाँचा पूल उभा राहिला. जर्मनीत ओस्टेन आणि रेंड्सबुर्ग, तिकडे दक्षिण अमेरिकेत बुएनोस आइरेस, अशी ही मालिका पहिल्या महायुद्धापर्यंत चालली आणि मग थांबली. रूआँचा पूल 1940 साली युद्धात गेला, मार्सेयचा 1944 साली. विडनेसचा पूल 1961 साली नवा रस्त्याचा पूल होताच मोडीत निघाला. त्यांच्या नाशाचा दोष एकट्या युद्धाच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. ही युक्ती ज्या प्रमाणावर आधारलेली होती ते प्रमाणच बदलले. पायी चालणारे हजार लोक आणि दहा-वीस घोडागाड्या यांना पाळणा पुरत असे. मोटारींचा अखंड ओघ सुरू झाल्यावर सहा-सहा मोटारींची खेप म्हणजे थट्टा ठरली. शिवाय जहाजे मोठी झाली, ती नदीत वर येईनाशी झाली, खालच्या गोद्यांतच थांबू लागली. आणि ज्या डोलकाठीसाठी तुळई एवढी उंच धरावयाची ती डोलकाठीच नाहीशी झाल्यावर साधा पूल घालण्यास कोणाची हरकत उरली नाही.

न्यूपोर्टचा इतिहासही याला अपवाद नाही. 1964 साली जॉर्ज स्ट्रीटचा नवा पूल झाला आणि पाळण्यावरचा भार कमी झाला. झिजलेल्या यंत्रणेमुळे 1985 साली पाळणा बंद पडला. त्या वेळी तो मोडून टाकण्याचा मार्ग मोकळा होता. तरीही सुमारे 30 लाख पौंड खर्चून 1995 साली तो पुन्हा चालू करण्यात आला. 2008 साली पुन्हा थांबला, 2010 साली पुन्हा सुरू झाला. दरम्यान 2004 साली जवळच आणखी एक रस्त्याचा पूल उभा राहिल्यामुळे, केवळ पलीकडे जाण्यासाठी पाळण्याची गरज अशी कोणालाच उरली नव्हती.

आणि ज्या कारखान्याच्या निमित्ताने हा पूल झाला, त्याचे पुढे काय झाले? या प्रश्नाच्या उत्तरात मराठी वाचकाला आपल्या घरचा एक धागा सापडेल. पूल उघडल्यानंतर एकाच वर्षाने, 1907 साली, स्वदेशीच्या लाटेत मुंबईत हजारो हिंदी भागधारकांनी रांगा लावून आपला पैसा ज्या कंपनीत गुंतविला, ती टाटांची पोलाद कंपनी. आणि बरोबर शंभर वर्षांनी, 2007 साली, याच कंपनीने ‘कोरस’ हा ब्रिटिश-डच उद्योग विकत घेतला तेव्हा न्यूपोर्टचा ऑर्ब कारखानाही तिच्या ताब्यात आला. पन्हळी पत्र्यांचे दिवस केव्हाच सरले होते. तिथे आता विजेच्या रोहित्रांसाठी लागणारे विशेष पोलाद तयार होत असे. अस्कच्या काठावरील भट्ट्यांविषयीचे निर्णय फोर्ट विभागातील बॉम्बे हाउसशी जोडले गेले. साम्राज्याच्या काळात जो व्यवहार एका दिशेने वाहत होता तो असा उलट फिरावा, ही घटना 1906 च्या त्या उद्घाटनसमारंभातील कोणाच्याही कल्पनेत आली नसती. परंतु काळाने मालकापाठोपाठ मालकीचा विषयही संपविला. 2019 च्या सप्टेंबरात कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, सुमारे 380 नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला, आणि त्याच वर्षअखेर उत्पादन थांबले.

तेव्हा आज हिशेब मांडला तर असे दिसते की, ज्या दोन हक्कदारांमधील तंटा मिटविण्यासाठी हा पूल बांधला त्यांपैकी एकही जागेवर नाही. डोलकाठ्या गेल्या, भोंगा गेला. साधन मात्र साध्याच्या पश्चात उभे राहिले. अशा वास्तूवर सार्वजनिक द्रव्य खर्च करावे काय, हा प्रश्न न्यूपोर्टकरांनी वेळोवेळी विचारला आहे आणि तो विचारणे त्यांचा अधिकारच आहे. माझ्या मते त्याचे उत्तर होकारार्थी दिले पाहिजे, आणि ते केवळ वास्तूच्या दुर्मिळपणामुळे नव्हे. किल्ले आणि राजवाडे सत्ताधाऱ्यांनी स्वतःसाठी बांधले. हा पूल एका नगरपालिकेने, आपल्या उत्पन्नाचा विचार करीत का होईना, पायी कामावर जाणाऱ्या माणसाची चार मैलांची पायपीट वाचावी म्हणून बांधला, आणि तसे करताना जहाजवाल्याचा हक्कही तिने हिरावून घेतला नाही. दोन बाजूंपैकी एकीला दडपून टाकणे सोपे असते. दोघींनाही वाट करून देण्यासाठी 98,000 पौंड खर्च करणे हा लोकशाही कारभाराचा पुरावा आहे, आणि तो दप्तरातल्या कागदापेक्षा पोलादात जपलेला अधिक बरा. अट एवढीच की पाळणा चालता राहिला पाहिजे. कारण तो थांबला तर पाहणाऱ्याला त्या सगळ्या खटाटोपाचे प्रयोजन कळणार नाही.

लंडनला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने तिथला टॉवर ब्रिज अवश्य पाहावा. परंतु पॅडिंग्टन स्थानकातून कार्डिफकडे जाणारी आगगाडी सुमारे दोन तासांत न्यूपोर्टला पोहोचविते, हेही त्याने ध्यानात ठेवावे. पूल उघडा आहे की नाही याची आधी चौकशी करावी, त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे, आणि इतर प्रेक्षक पाणी भरलेले असताना जातात तसे न जाता मुद्दाम ओहोटीची वेळ साधावी. एवढा मोठा खटाटोप कशासाठी केला, याचा खुलासा काठावरचा तो चिखल कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा अधिक स्पष्ट करतो.